सहावी पट्टी

आमच्या घरात कोणी कधी कुजबुजलं नाही. गुपित सांगायचं असलं की माय मला मागच्या अंगणात पाण्याच्या टाक्याजवळ न्यायची, पदर तोंडाशी धरायची आणि तिसऱ्या घरातल्या बाईला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात ते गुपित सांगायची. यात तिचा काही दोष नव्हता. गडचांदूरच्या बाहेर चुनखडीच्या खाणीला लागून कंपनीच्या कामगारांची घरं होती. एकाला एक चिकटलेल्या त्या घरांच्या रांगेला आम्ही 'लाइन' म्हणायचो. लाइनीच्या एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला दगड भरडणारा क्रशर. क्रशरची घरघर आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की पाहुणा पहिल्या दिवशी विचारायचा, "हे काय वाजून राह्यलं जी?" आणि आम्ही उलट त्यालाच विचारायचो, "कुठी?"

दुपारी खाणीत सुरुंग उडायचे. आधी भोंगा व्हायचा, मग खाणीतल्या शिट्ट्या, मग थोडा वेळ भयाण शांतता, आणि मग जमिनीतून येणारा तो दणका. भोंगा झाला की माय चुलीवरच्या डाळीवर ताट झाकायची, कारण छतातून माती पडायची. फळीवरचे पितळी गिलास थरथरून एकमेकांना लागायचे. नळावर दोन बाया भांडत असल्या तर त्या भोंग्याला थांबायच्या, कमरेवर हात ठेवून एकमेकींकडं बघत दणक्याची वाट पाहायच्या आणि धूळ खाली बसली की नेमक्या त्याच शिवीपासून पुन्हा सुरू करायच्या. नाटकाचा पहिला धडा मी तिथं शिकलो. मध्येच थांबलेलं वाक्य कसं धरून ठेवायचं, हे मला पुढं कोणी शिकवावं लागलं नाही.

माझे वडील दौलत, आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो, याच सुरुंगाच्या टोळीत होते. दगडात भोकं पाडायची, बारूद भरायची आणि शिट्टी झाली की आडोशाला पळायचं. त्यांचे जोडीदार तुकारामकाका समोरच्याच घरात राहायचे. दोघं एका पाळीला जायचे, एकाच पाळीहून यायचे, आणि संध्याकाळी विहाराच्या गायन मंडळात एकाच सतरंजीवर बसायचे. काका पेटी वाजवायचे, बाबूजी गायचे. बाबूजी गायला बसले की डावा हात कानावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पहिली ओळ अशी उचलायचे की मागं बसलेल्या बायांच्या मांडीवरची पोरं रडायची थांबायची. हे मी पोटचा मुलगा म्हणून सांगत नाही. पोटचा मुलगा म्हणून सांगायचं तर ते घरात बसून हिशेबाबाहेर घोरायचे आणि वांग्याच्या भाजीतले देठ माझ्या ताटात टाकायचे. एक गोष्ट आताच सांगून टाकतो. या प्रकरणाच्या शेवटापर्यंत बाबूजी राहणार नाहीत, म्हणून मी मुद्दाम सावकाश चाललो आहे.

तर त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं होतं. सोयरे नागभीडकडचे, धानवाले, माणसं चांगली. पण त्यांच्या गावातही गायन मंडळ होतं आणि मंडळ नावाजलेलं होतं. आमच्याकडं लग्नात दोन्ही बाजूंची मंडळं असली की पंगती उठेपर्यंत मांडवात मुकाबला होतो. एका बाजूनं एक गाणं, दुसऱ्या बाजूनं त्याला उत्तर. वरपक्षानं निरोप धाडला होता, "मुलीच्या बापाचा आवाज ऐकाचा हाय." बाबूजी त्या निरोपानं इतके फुगले की आठवडाभर अंघोळ करताना गात होते. पण गाणं कुठंतरी बिघडलं होतं. विहारात सराव चालला की बाबूजी दुसऱ्या कडव्याला वर चढायचे, पेटी खालीच राहायची. तुकारामकाका मान न हलवता पट्टी बदलून त्यांच्यामागं जायचे, तर बाबूजी तोवर तिसरीकडंच. ढोलकीवाला माझ्याकडं पाहायचा, मी ढोलकीवाल्याकडं. लाइनीतल्या कोणालाही कारण सुचलं नाही. जिथं सगळेच ओरडून बोलतात तिथं एखाद्याला ऐकू येत नाही हे कळायला मार्गच नसतो. माय काही बोलली की बाबूजी "हाव" म्हणायचे. मी काही विचारलं तरी "हाव". आम्हाला वाटायचं, किती शांत माणूस आहे.

आता माझं सांगतो. मी तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून गिटार शिकत होतो. बल्लारशाला प्रसादभाऊ म्हणून तेलुगू ख्रिस्ती गृहस्थ होते, रविवारी चर्चमध्ये आणि इतर दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पोटानं गोल, बोटांनी सडपातळ. एस. टी.नं मी त्यांच्याकडं जायचो. त्यांनी नवीन सामान घेतलं तेव्हा जुना प्रीअॅम्प मला देऊन टाकला. गिटारचा मुंगीएवढा आवाज मोठा करणारी, आणि बटण जास्त पिळलं तर तो आवाज फाडून लांबवर ताणून धरणारी ती लोखंडी पेटी होती. तिच्यापुढं मोठा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचं खोकं, हे मी इकडून तिकडून जमवलं होतं. प्रीअॅम्पसोबत त्यांनी एक पायानं दाबायची डबीही दिली. तिच्यावर उभ्या सात पट्ट्या होत्या. डावीकडची पट्टी वर केली की घुमणारा आवाज वाढायचा, उजवीकडची वर केली की किणकिणणारा. हे इक्वलायझर पेडल. माय त्याला 'पट्ट्यांचं डब्बं' म्हणायची आणि त्याच्यावरची धूळ रोज चुलीच्या फडक्यानं पुसायची.

मला वाटलं, बाबूजींना काकांची पेटी ऐकू जात नाही कारण ढोलकी तिच्यावर बसते. आपण गिटारवर एक लांब सूर धरून ठेवू, बाबूजी त्याला धरून गातील. म्हणून एका सुटीच्या दुपारी मी गिटारची वायर डबीत घातली, डबीतून प्रीअॅम्पमध्ये, आणि मधल्या पट्ट्या वर केल्या. आवाज मोठा व्हायचं सोडून नुसता फाटला. जेवढी पट्टी वर, तेवढी भरड जास्त. बाबूजी बाजेवर पडले होते. उठून बसले आणि म्हणाले, "काऊन बे, क्रशर घरात आणला का?"

मी बल्लारशाला गेलो. प्रसादभाऊंनी नाश्त्याच्या दुकानात बसून सगळं ऐकून घेतलं, आलूबोंड्याचा शेवटचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला आणि बोटं चाटत म्हणाले, "चूडू सिद्धू, बघ. तू मिर्ची जळत्या तेलात टाकून राहिला. तेलात मिर्ची टाकली तर काय होते? घरभर खोकला. भाजी तिखट नाही होत. भाजी बनू दे पहले. उतरव चुलीवरून. मग वरून टाक. जेवढी टाकली तेवढी तिखट."

"म्हणजे डबी कुठी लावू?"

"प्रीअॅम्पच्या पाठीमागे दोन छेद आहेत. कधी पाहिले? एकातून आवाज बाहेर येते, दुसऱ्यातून आत जाते. त्याला लूप बोलते. आवाज आत फाटून, शिजून तयार झाला की मग तिथून बाहेर काढायचा, तुझ्या डबीतून फिरवायचा आणि परत आत सोडायचा. मग पट्टी वर केली तर तेवढाच भाग मोठा होईल, फाटणार नाही. जो नको तो कापला तर खरंच कापला जाईल."

"ढोलकीशी भिडणारा आवाज कापता येईल?"

"अरे, सासूचा आवाज कापता येईल!" असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की दुकानदारानं पाणी आणून दिलं.

घरी येऊन प्रीअॅम्प उलटा केला तर त्या दोन भोकांत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली होती. मायनं डोक्यातली पिन काढून ती माती कोरली. एका भोकातून वाळकी अळी निघाली, ती तिनं अंगणात कोंबडीला दिली. मग मी वायरी लावल्या. प्रीअॅम्पचं बटण पिळलं, तार छेडली आणि सूर लांब, जाड, न तुटता बाहेर आला. डबीची मधली पट्टी वर केली. भरड वाढली नाही. सूर तसाच राहिला, फक्त जवळ आला, जसा कोणी ओसरीवरून उठून तुमच्या बाजेच्या उशापाशी येऊन बसावं. आजही माझ्या चंद्रपूरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत पोरं येतात, त्यांच्या फोनमध्ये अशा शंभर डब्या असतात, आणि एकाच्याही चेहऱ्यावर मला तो आनंद दिसत नाही. कुंभारमाशीची माती कोरावी लागली नाही ना त्यांना.

ती दुपार उन्हाची होती. बाबूजी बाजेवर, माय दारात सुपात लाखोळीची डाळ पाखडत, काळू कुत्रा बाजेखाली. मी म्हणालो, "बाबूजी, मी एकेक पट्टी वर करतो. कोणती चांगली वाटते ते सांगा." ते खूश झाले. पहिली पट्टी. "हां, घुमते." दुसरी. "हाव, मस्त." तिसरी. "हे! हे चांगलं हाय." चौथीला त्यांनी मांडीवर ठेका धरला. पाचवीला ठेका चुकला. त्यांचे डोळे माझ्या हातावर होते.

मग मी बाकीच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि सहावी पूर्ण वर केली. तार छेडली. असा चिरका आवाज झाला की मायच्या हातचं सूप खाली पडलं आणि तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. काळू बाजेखालून उठून फाटकाबाहेर निघून गेला. बाबूजी माझ्याकडं बघत होते. वाट बघत होते. मग म्हणाले, "लाव ना मंग."

मी पुन्हा तार छेडली.

"अबे लाव ना. का पाहून राह्यला?"

माय कानातली बोटं काढून उभी राहिली. आयुष्यात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत. 'सिद्धूचे बाबूजी' म्हणायची. ती बाजेच्या मागं गेली, त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाली, "दौलत." बाबूजी माझ्या हाताकडं बघत राहिले. "दौलत," ती म्हणाली, "ए दौलत. बहिऱ्या. मुडद्या. माह्या जिवाचा काळ." मग ती एकेक करून त्यांना ते सगळं म्हणाली जे नळावरच्या बाया एकमेकींना म्हणायच्या, सगळं हळू, सगळं त्यांच्या पाठीला. मला आधी हसू आलं. काय करू, मला येतं. शिव्या संपल्या तेव्हा तिला रडू फुटलं आणि ती रडतानाही त्यांच्या मागंच उभी होती. बाबूजींना काहीतरी लागलं असावं, तिची सावली किंवा माझा चेहरा. ते वळले, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "भाकर झाली का?"

त्यांच्या पुढ्यात बसून, तोंड दाखवून मी ओरडून विचारलं, "बाबूजी, खाणीतली शिट्टी ऐकू येते का?"

ते बाजेवरून उतरून सांडलेली डाळ सुपात भरू लागले. मग म्हणाले, "तुकारामचे पाय पाहतो."

"मंजे?"

"शिट्टी झाली का तो पाय आपटते. मंग पळते. तो पळला का मी पळतो."

"काकाले माईत हाय?"

"त्यालेच माईत हाय."

माय म्हणाली, खाणीच्या सायबाला सांगा. लगेच सांगा. बाबूजींनी तिच्या ओठांकडं बघून ते समजून घेतलं आणि मान हलवली. एकदा सांगितलं की दुसऱ्याच दिवशी कंपनीचा डॉक्टर घरी बसवणार, आणि घर तर कंपनीचंच. ताईला कोणत्या अंगणातून वाटे लावायचं? "लगन होऊ द्या," ते म्हणाले. "लगन झालं का मी सोता जातो सायबापाशी." संध्याकाळी तुकारामकाका आले, आम्हाला सगळं कळल्याचं त्यांना सांगितलं. ते ओट्यावर बसून आपल्या पायांकडं बघत म्हणाले, "मी हाओ ना वहिनी. माह्ये पाय हायेत ना."

पण गुपित मांडवात फुटणार होतं. साहेब लग्नाला येणार होते, टोळीतली सगळी माणसं येणार होती, आणि मुकाबल्यात बाबूजी बेसूर झाले की वरपक्ष हसेल आणि साहेब विचारेल, दौलतला झालं काय? गाऊ नका असं त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी "हाव" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंघोळीला गाऊ लागले.

मग मी आणि काकांनी रोज पाळी सुटल्यावर कवायत केली. बाबूजींना ऐकू येणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्या आकाशाला भिडवल्या. ढोलकीशी झुंजणारी पहिली पट्टी पाताळात नेली. उजवीकडच्या तिन्ही पट्ट्या मारून टाकल्या, कारण त्यांच्या जगात त्या नव्हत्याच. काका पेटीवर सूर द्यायचे, मी तो गिटारवर धरायचा, डबी लूपमधून तो बाबूजींपुरता शिजवून स्पीकरमध्ये सोडायची, आणि स्पीकरचं खोकं थेट बाबूजींच्या मांडीला लागून. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या कडव्याला चढू लागले, थांबले, मान तिरकी केली आणि पायरी चुकलेला माणूस अंधारात पाय चाचपून खाली ठेवतो तसे सुरावर उतरले. काकांनी पेटीचा भाता सोडला आणि गमछ्यानं तोंड झाकलं.

लग्नाचा मांडव विहारासमोर पडला. मंगल गाथा झाल्या, हार झाले, पंगती बसल्या, वांग्याची भाजी, डाळ, भात, बुंदी. मुकाबला सुरू झाला. वरपक्षाचं मंडळ खरंच तयारीचं होतं. मग आमची पाळी. मी तार छेडली आणि मांडवात असा आवाज निघाला जणू रेडा नाक चिमटीत धरून बोलतोय. उजवीकडच्या पट्ट्या मेलेल्या, मधल्या फुगलेल्या, दुसरं काय होणार? वरपक्षातला एक पोरगा बुंदीचा घास तोंडात ठेवून ओरडला, "ए गिटारवाल्या, सर्दी झाली का बे?" सगळा मांडव हसला. दुसरा म्हणाला, "गिटार नोय बे ते, पिपा हाय!" मी उभा राहून दोघांनाही कमरेत वाकून नमस्कार केला. मला आजवर अनेक ठिकाणी दाद मिळाली, पण त्या दिवशी खाल्लेल्या टोमण्यांइतकं काहीच गोड लागलं नाही. कारण तोवर बाबूजींनी डावा हात कानावरून काढून खोक्यावर ठेवला होता, डोळे मिटले होते आणि पहिली ओळ उचलली होती.

ते गायले. सगळी कडवी गायले. एकदाही पाय घसरला नाही. वरपक्षाच्या म्हाताऱ्या गायकानं हातातलं पान खाली ठेवलं. नवरीच्या वेशात बसलेली ताई, तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती रडत होती, सगळ्या नवऱ्या रडतात तशी. गाणं संपल्यावर साहेब पुढं आले आणि बाबूजींची पाठ थोपटून मोठ्यानं म्हणाले, "दौलत, तुझा आवाज तर पोरांना लाजवतो रे. अजून पुष्कळ वर्षं काम करशील." बाबूजींना त्यातलं किती ऐकू आलं माहीत नाही. ते "हाव जी, हाव जी" म्हणत हसत होते. माय साहेबांच्या ताटात बुंदी वाढायला निघाली होती, ती तशीच उभी राहिली.

लग्न झालं. बाबूजी साहेबांकडं गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो. संध्याकाळी पाळीहून आले की हातपाय धुवून खोक्याला टेकून बसायचे आणि मला म्हणायचे, "वाजव." मी वाजवायचो. ते गायचे. त्यांचा रंग उजळला होता. लाइनीत सांगत फिरायचे, "माह्ये कान गेले नोयते जी, झोपले होते. सिद्धूनं उठोले." माय त्यांच्या पाठीमागून त्यांना हाका मारून बघायची. ते वळायचे नाहीत. ती माझ्याकडं बघायची आणि चुलीकडं जायची.

आमच्याकडं लग्नानंतर थोड्या दिवसांनी माहेरचा माणूस मुलीला आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाप किंवा काका जावा लागतो, नाहीतर सासरचे लोक नाक मुरडतात. बाबूजींच्या सगळ्या सुट्ट्या लग्नात संपल्या होत्या. उरले तुकारामकाका. काका ओट्यावर बसून म्हणाले, "मी नाई जात. सिद्धू जाईन."

"सिद्धू पोरगा हाय," बाबूजी म्हणाले. "सोयऱ्यायले काय वाटन? तूच जा."

"अन् इथी?"

"इथी का? मले ऐकू येते आता."

"दौलत, शिट्टी येते का ऐकू? मले फसोतं का?"

"अबे पाहाचं का? लाव परीक्षा!" बाबूजी उठले, भिंतीकडं तोंड करून बाजेवर बसले, नवरदेवासारखे ताठ. काका हळूच फाटकापाशी गेले, दोन बोटं तोंडात घातली आणि खाणीतल्यासारखी लांब शिट्टी मारली. बाबूजी झटकन वळले. "झाली!" ते ओरडले. "झाली ना शिट्टी? पाह्य, पाह्य!" ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. काकांनी माझ्याकडं पाहिलं, मी मायकडं पाहिलं, आणि सगळ्यांना इतका आनंद झाला की मायनं त्या दिवशी साखर जास्त घालून चहा केला.

काळूकडं आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. काळू बाबूजींच्या पायाशी, भिंतीकडच्या बाजूला निजलेला होता. शिट्टी झाली की तो कान टवकारून उठायचा. बाबूजी आयुष्यभर पाय वाचत आले होते, त्यांना कुत्र्याचे कान वाचायला कितीसा वेळ लागणार? ते नाटक होतं की त्यांना खरंच वाटत होतं आपण शिट्टी ऐकली, हे मला या वयातही ठरवता येत नाही. मला नाटक करायची सवय लागली ती त्यांच्याकडूनच, एवढं मात्र नक्की.

काका गेले. दुसऱ्या दिवशी बाबूजी पाळीला निघाले तेव्हा मायनं डब्यात झुणका दिला होता. दुपारी भोंगा झाला. मायनं डाळीवर ताट झाकलं. शिट्ट्या झाल्या. मी गिटारची तार बदलत होतो. दणका आला, गिलास थरथरले, छतातून माती पडली. मायनं ताट उचललं. नळावर कोणीतरी थांबलेलं भांडण सुरू केलं. आणि मग भोंगा पुन्हा वाजला. दणक्यानंतर भोंगा कधी वाजत नसे. तो वाजतच राहिला. नळावरचं भांडण तिथंच तुटलं, ते पुढं कोणी जोडलं नाही.

टोळीनं नंतर सांगितलं. काकांच्या जागी दिलेला माणूस चांगला होता, जुना होता. शिट्टी झाली, तो पळाला. पण तो बाबूजींच्या मागं उभा होता. त्याचे पाय बाबूजींना दिसले नाहीत. तो आडोशाला जाऊन ओरडत राहिला, सगळे ओरडत राहिले. बाबूजी पाठमोरे, वाकून, पुढच्या दगडावर हात ठेवून उभे होते. एकजण म्हणाला, ते गुणगुणत असावेत, मान हलत होती.

नागभीडला निरोप पोचायला वेळ लागला. चांदा फोर्टपर्यंत रेल्वे, तिथून एस. टी.; ताई आणि काका येईपर्यंत दुसरा दिवस उजाडून ऊन चढलं होतं. तोवर बाबूजींना पांढऱ्या कापडात गुंडाळून अंगणात ठेवलं होतं, डोकं बांधलेलं, चेहरा उघडा. भंतेजींचं त्रिशरण झालं होतं. मंडळाची माणसं, टोळी, अख्खी लाइन बसली होती. साहेबही आले होते, खुर्ची नाकारून उभे होते. माझी डबी घरात कोपऱ्यात तशीच होती. ती आजही माझ्याकडं आहे. पट्ट्या जिथं होत्या तिथंच आहेत, मधल्या दोन वर, बाकी खाली; पोरं हात लावू बघतात तर मी त्यांच्या बोटांवर मारतो.

ताई फाटकातच कोसळली, तिला बायांनी धरलं. काका तिच्या मागून आले. सासरच्यांनी दिलेली धानाच्या मुरमुऱ्यांची पिशवी अजून त्यांच्या हातात होती, ती कुठं ठेवावी हे त्यांना समजेना. मग ती त्यांनी खाली टाकली आणि बाबूजींच्या पायांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, समोर, जिथून बाबूजींना त्यांचे पाय दिसले असते तिथं. त्यांनी उजवा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. लोकांनी माना वर केल्या. काकांनी पुन्हा पाय आपटला. अंगणातली सारवलेली माती उडाली. कोणीतरी त्यांना धरायला उठलं. काकांनी त्याचा हात झटकला, थोडे पुढं सरकले आणि पुन्हा आपटला.

माय बाबूजींच्या उशाशी बसली होती. ती बोलली तेव्हा साहेबांसकट सगळ्यांना ऐकू गेलं, आमच्या घरात कोणी कुजबुजत नव्हतं.

"जोरानं मारा भाऊ," ती म्हणाली. "त्यायले ऐकू येत नाई."